पंचाला पोरं नसतात

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. तू बरी आहेस असं धरून चालतो, कारण तू बरी नाहीस असं आजवर कुणाला दिसलेलं नाही.

फोनवर आपण बोलायला लागलो की दोन वाक्यांत भांडण होतं, आणि आई पलीकडच्या खोलीत कान टवकारून बसलेली असते. म्हणून लिहितोय. हसू नकोस. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसालाही चार ओळी लिहिता येतात.

बाबांना जाऊन महिना होत आला. आई माझ्याकडे आल्यापासून वेळेवर जेवते, माझ्या बायकोला भाजी निवडून देते, टीव्हीसमोर बसते. वरवर बघितलं तर सगळं ठीक. तुझा विषय निघाला की मात्र उठून जाते. काल मी हट्टालाच पेटलो, तेव्हा बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो.

"छातीत दुखतंय म्हणाले म्हणून मी त्यांना टॅक्सीत घातलं आणि थेट हिच्या हॉस्पिटलात नेलं. म्हटलं, आपली पोरगी आहे तिथे. आत गेले तर ही समोरच उभी. मी म्हटलं, अगं, बघ ना गं यांना काय होतंय. तर माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, बाई, तुम्ही बाहेर थांबा. मला. बाई."

मला वाटलं संपलं. तर म्हणाली, "डॉक्टरांनी मला सांगितलं, गेले म्हणून. मी भिंतीला धरून उभी. आणि ही शेजारच्या एका खोलीतून बाहेर आली. हातात चादर. कशी छान घडी घातलेली. तिकडे बाप गेला आणि इकडे पोरगी घड्या घालत होती."

मी तुझी बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि मला बाजूच सापडेना. तुझ्या हाताखालच्या पोरी तुला 'फ्रीज' म्हणतात, हे तूच मला हसून सांगितलं होतंस. तेव्हा मीही हसलो होतो.

काहीतरी लिही.

बारक्या

१० फेब्रुवारी

बारक्या,

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीने पाय आपटल्यासारखंच आहे.

माझी बाजू शोधू नकोस, तुला वकील नेमलेलं नाही. आमच्या कॅज्युअल्टीत माणसं कशा अवस्थेत येतात ते तू बघितलेलं नाहीस. तू लिफ्ट बंद करून मग दुरुस्त करतोस. आम्हाला चालू लिफ्ट दुरुस्त करावी लागते, आणि आतली माणसं ओरडत असतात. तिथे नर्सने गळा काढला तर सुई शिरेत जायची ती भलतीकडे जाते. सुरुवातीला मीही रडायचे. मग एक युक्ती सापडली. बुटाच्या आत पायाचा अंगठा गच्च आवळून धरायचा. सगळं तिथे जाऊन बसतं. घरी गेल्यावर अंगठा ठणकतो, पण तोंडावर काही उमटत नाही. एवढीच माझी विद्या.

नव्या पोरींना मी आणखी एक गोष्ट शिकवते. नातेवाईकांना गोल गोल सांगायचं नाही. 'प्रयत्न चालू आहेत, बघू या' म्हटलं की माणसं आशेवर लटकून राहतात, आणि नंतर जास्त जोरात आपटतात. समोर उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं आणि असेल ते सांगायचं. हे क्रूर वाटतं. त्यातल्या त्यात तेच दयेचं आहे.

नातेवाईकांनी बाहेर थांबायचं हा नियम आहे. तो सगळ्यांना आहे. आई सगळ्यांतच येते.

तुझ्या पत्राचा राग आलाय, ते तुला कळलंच असेल. तरी रविवारी दुपारी आईला फोन दे. मी तिच्याशी स्वतः बोलते.

ताई

२ मार्च

ताई,

रविवारी काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे, उरलेलं अर्धं मी सांगतो. मी फोन तिच्या हातात दिला. तिने कानाला लावला. तू 'आई' म्हणालीस ते मलाही ऐकू आलं. ती म्हणाली, "राँग नंबर", आणि फोन माझ्याकडे देऊन स्वयंपाकघरात गेली. तिथे तिने पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

नियमाचं तू मला सांगू नकोस. मी पंचाचा पोरगा आहे. बाबांनी फुटबॉलच्या भर मैदानात, सगळ्या शाळेसमोर, मला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं होतं. माझा पाय त्या पोराला लागलासुद्धा नव्हता, तो नाटक करत होता. घरी आल्यावर मी जेवलो नाही, तर बाबा काय म्हणाले आठवतंय? "पंचाला पोरं नसतात." आणि तू, आगलावी, त्यांच्या शेजारी बसून मान डोलावत होतीस. तू त्यांच्याच वळणावर गेलीस. पण बाबांचं एक होतं. शिट्टी खिशात गेली की ते बाप व्हायचे. त्या रात्री माझं ताट घेऊन तेच आले होते.

बाहेर थांबा म्हणालीस, ते मी समजू शकतो. 'आई, बाहेर थांब' म्हणाली असतीस तर नियम मोडला असता का? 'बाई' कशाला?

एवढ्याचंच उत्तर दे. बाकी तुझी विद्या तुझ्याजवळ ठेव.

बारक्या

९ मार्च

बारक्या,

बरं. ऐक.

आमच्याकडे आणखी एक नियम आहे, तो तुला मी सांगितला नाही. टेबलावर आपलं माणूस आलं तर आपण हात बाजूला घ्यायचे आणि बाहेर जायचं. नियम चांगला आहे. आपल्या माणसावर हात चालवताना हात कापतो, आणि माझ्यासारखीला कापत नसेल तर डोकं भलतंच काहीतरी ठरवतं.

त्या दुपारी माझ्याबरोबर एकच पोरगी होती, नवखी. सलाईन लावताना तिच्या कपाळावर घाम यायचा. बाकीच्या पोरी एका मोठ्या अपघाताच्या पेशंटांना घेऊन वर गेल्या होत्या. डॉक्टरही नवा, मला नुसतं 'सिस्टर' म्हणून ओळखणारा. आणि दारातून आई बाबांना धरून आत येतेय. बाबांचा रंग बघितला आणि मला कळलं की वेळ फार नाही. मी जर 'आई' म्हणाले असते तर डॉक्टरने मला तिथल्या तिथे बाहेर काढलं असतं आणि बाबा त्या नवखीच्या हाती गेले असते. म्हणून मी 'बाई' म्हणाले. आईने आणखी एक शब्द बोलू नये म्हणून मुद्दाम कडक आवाजात म्हणाले. ती गप्प झाली. तिचं तोंड कसं झालं ते मी बघितलं, आणि अंगठा आवळला.

आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला कळलं नाही, पण बाबांना कळलं. क्षणात. डॉक्टर काहीबाही विचारत होता आणि मी ईसीजीच्या पट्ट्या लावत होते, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अहो सिस्टर, जरा सावकाश, हात गार आहेत तुमचे." मला अहो म्हणाले. डोळ्यांत ते नेहमीचं मिश्कील होतं, ऑफसाइड ओळखल्यावर असायचं तसं. बारक्या, ते माझ्या बाजूने खेळले. मला आत राहू दिलं त्यांनी.

त्यानंतर ते बोलले नाहीत. हृदय थांबलं. छाती मी दाबली, नवखीला हात लावू दिला नाही. त्यांची बरगडी माझ्या तळव्याखाली मोडली. मोडते. दाबणं बरोबर चाललंय याची ती खूण असते, असं मी पोरींना शिकवते. खूप वेळ दाबलं. डॉक्टर थांबा म्हणाला, तेव्हा थांबले.

राहिली चादर. कॅज्युअल्टीला लागून आमची चादरींची खोली आहे. तिथे जाऊन रडायचं असा आमच्यातला अलिखित रिवाज आहे. आत कुणी असलं की दार वाजवायचं नाही. आणि बाहेर येताना एक घडी घातलेली चादर हातात घेऊन यायचं, म्हणजे 'कुठे गेली होतीस' असं कुणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं, आणि कुणी बोलत नाही. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत फक्त चादर आणायला गेले होते. त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्या कामाला गेले. तीच चादर मी बाबांवर घातली.

पुढच्या आठवड्यात मेट्रनला मी आपणहून सगळं सांगितलं. तिने मला उभी-आडवी झाडली. पुन्हा असं केलंस तर कॅज्युअल्टीतून काढून इंजेक्शनच्या खोलीत बसवीन म्हणाली. बरोबर आहे तिचं.

हे आईला वाचून दाखव. माझ्याच्याने तिला सांगवणार नाही.

ताई

२८ मार्च

ताई,

तुझं पत्र मी आधी गच्चीवर जाऊन एकट्याने वाचलं. तुला वाट्टेल ते बोललो त्याबद्दल काय लिहू? माझ्या जिभेला हाड नाही, तुला माहीत आहे.

मग आईला वाचून दाखवलं. चादरीचं ऐकताना तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, सुटलो. पण ती म्हणाली, "मधलं पुन्हा वाच. ते काय म्हणाले ते." मी वाचलं. अहो सिस्टर, जरा सावकाश.

मग जे बोलली ते मी गाळणार होतो, पण गाळत नाही.

"म्हणजे शुद्धीवर होते. त्यांना बोलता येत होतं. आणि मरताना माणसाला आपल्या लेकीला लेक म्हणता आलं नाही, तर अहो म्हणावं लागलं. मी बाहेर, ही आत असून परकी. एकटेच गेले की रे ते. आणि ही वर सांगते, माझ्या बाजूने खेळले. खेळ होता का तो?"

मी म्हटलं, आई, ती नसती तर त्या नवखीने काय केलं असतं? तर म्हणते, "ती असून काय झालं? गेलेच ना? मग निदान मी हात धरला असता, हिने बाबा म्हटलं असतं."

यावर तुला काही उत्तर सुचलं तर कळव.

दुसरं म्हणजे, जुन्या घराची किल्ली मालकाला द्यायची आहे. आवराआवर करायला आई पुढच्या महिन्यात तिकडे येईल. मी तिला पोचवून परत येतो, मला सुट्टी नाही. खालची शेजारीण सोबत आहे. तुझ्याकडे उतरणार नाही म्हणते. तू घरी येऊ नयेस असंही सांगायला सांगितलंय. निरोप्याला मारू नये म्हणतात.

बारक्या

१९ एप्रिल

बारक्या,

फोनवर मी तुला फक्त कामाचं सांगितलं: पडदे काढताना आई स्टुलावरून पडली, डाव्या मनगटाचं हाड मोडलंय, कपाळाला टाके आहेत, येऊन घेऊन जा. तू आलास तेव्हा वॉर्डात इतकी माणसं होती की बोलता आलं नाही. आणि आई तुझ्या आड तोंड फिरवून बसली होती. पण मला एक सांगायचंय, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तू म्हणशील ही फ्रीज आज अशी काय वितळली. तर वितळली.

मी तिला भेटायला गेले नव्हते. तिने नको म्हटलं होतं, आणि तू लिहिलेल्या तिच्या त्या बोलण्यावर मलाही उत्तर सुचलेलं नव्हतं. अजूनही नाही. रोज कामाला जाताना घराच्या रस्त्यावरून जायचं टाळत होते. आणि त्या दिवशी शेजारीण तिला घेऊन आमच्याच दारात. कपाळावरचं रक्त भुवईपर्यंत आलेलं, हात वाकडा. मी पुढे झाले. 'आई' माझ्या ओठावर होतं. मेट्रन गेली खड्ड्यात, असं मी ठरवलं होतं, शपथ. या वेळी आई म्हणायचं आणि बाहेर काढलं तर बाहेर जायचं.

तेवढ्यात डॉक्टरने, हा दुसरा होता, तिला विचारलं, "आजी, बरोबर कोण आहे?" ती म्हणाली, "शेजारीण आहे." "घरचं कुणी? नातेवाईक?" आणि बारक्या, आईने माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत. आणि म्हणाली, "माझं इथे कोणी नाही."

मला एक क्षण काही कळलं नाही. मग लख्ख कळलं. तिने मला आत ठेवलं. बाबांनी केलं तेच तिने केलं. इतक्या दिवसांनी तिला समजलं होतं की मी तेव्हा तसं का म्हणाले, आणि ते तिने तोंडाने न सांगता असं सांगितलं. ती नवखी पोरगी तिथेच होती, आता ती तितकी नवखी राहिलेली नाही. तिने आईला ओळखलं. माझ्याकडे बघितलं आणि डॉक्टरला न सांगता ड्रेसिंगची ट्रॉली माझ्याकडे सरकवली.

मी जखम धुतली. डॉक्टर टाके घालत असताना डोकं मी धरलं होतं. तिच्या केसांना तेच तेल होतं, आपल्या लहानपणीचं. मग हाड जागेवर बसवायला डॉक्टरने हात ओढला, तेव्हा तिने दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की तिच्या नखांचे वण माझ्या हातावर अजून आहेत. मी त्यांना मलम लावलेलं नाही. तुला हसायचं तर हस.

मी तिला "झालं हं बाई, झालं" म्हणत होते, आणि बारक्या, त्या 'बाई'त मी काय काय म्हणत होते ते तिला कळत होतं.

ती बोलली नाही तरी चालेल. एवढं मला पुरेल. आता तू तिला छेडू नकोस, पण कधी विषय निघालाच तर म्हणावं, ताईला कळलं.

तुझी ताई

२६ एप्रिल

ताई,

हे पत्र मी दोन प्रकारे लिहायला बसलो होतो, पहिलं गोड, दुसरं खरं. बायको म्हणत होती, पहिलंच पाठवा, कुणाचं काय जातंय. पण तूच मला लिहिलं होतंस की माणसाला आशेवर लटकवू नये, समोर उभं राहून असेल ते सांगावं. तर मी उभा आहे असं समज.

तुझं पत्र वाचून मी खुळ्यासारखा खूश झालो. छेडू नकोस म्हणाली होतीस, पण मी कुठला ऐकतोय. आई एका हाताने डाळ निवडत होती. शेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, "आई, ताईला कळलं बरं का. तू तिला आत राहता यावं म्हणून मुद्दाम तसं म्हणालीस ते."

"कसं म्हणाले?"

"माझं इथे कोणी नाही, असं."

ती डाळीतला खडा शोधत होती. वर न बघता म्हणाली, "मुद्दाम कशाला म्हणेन? त्यांनी विचारलं कोणी आहे का. मी आहे ते सांगितलं."

मी म्हटलं, "अगं पण तिचा हात धरलास ना तू? वण उठलेत तिच्या हातावर."

"हाड ओढत होते. खाट जवळ असती तर खाट धरली असती."

ती चिडून बोलतेय, मनात तसं नसेल, असं मला वाटून घ्यायचं होतं. म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिथे काही दिसेना. राग नाही, रडू नाही. तुझं ते तोंड तू कुठून उचललंस ते मला आज कळलं. मी उगीच बाबांवर घालत होतो.

उठताना तिने डाळीचं ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तिला लिही, माझ्यासाठी कुणी खेळू नका."

मला माफ कर, ताई. पहिलंच पत्र पाठवायला हवं होतं का, ते मला अजून कळत नाही.

बारक्या

३ मे

बारक्या,

पत्र मिळालं. तू बरोबर केलंस. असंच सांगायचं असतं.

आईचं प्लास्टर ओलं होऊ देऊ नका. अंघोळीच्या वेळी वरून पिशवी बांधा आणि पिशवीचं तोंड कडेने रुमालाने आवळा. हात गळ्यातल्या झोळीत ठेवायचा, खाली लोंबकळत नको. बोटांची दिवसातून बऱ्याचदा उघडझाप करायला लावा, ती कंटाळा करेल. बोटं निळी पडली, सुजली किंवा मुंग्या यायला लागल्या तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच न्यायचं. कॅल्शियमची गोळी जेवणावर. कपाळाचा वण राहील, पण केस पुढे घेतले की दिसणार नाही. स्टुलावर चढू देऊ नकोस. प्लास्टर काढायला तिकडच्याच हॉस्पिटलात ने, एवढ्यासाठी प्रवास नको.

माझ्या हातावरचे वण गेले. मलम लावलं.

काल ड्युटी संपल्यावर मी चादरींच्या खोलीत होते. बाहेर आले तर ती नवखी दारात उभी होती. माझ्या हातात काही नव्हतं, विसरले होते. तिने आत जाऊन एक चादर आणली आणि माझ्या हातावर ठेवली. चांगली पोरगी आहे. तयार होईल.

एकच काम सांगते. वयाचं काही सांगता येत नाही. पुन्हा कधी आईला आमच्याकडे आणायची वेळ आली, तर नातेवाईक कोण म्हणून विचारतील. तुझंच नाव सांग, माझं सांगू नकोस. म्हणजे मला आत राहू देतील.

ताई